विनाअनुदानित महाविद्यालयातला सरकारी रुपया

८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने एक शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत मिळाली. त्याआधी ही सवलत निम्मी होती. ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ असे मथळे झाले आणि ते चुकीचे नव्हते. या निर्णयापोटी सरकारने ९०६ कोटी रुपयांचा जादा भार मान्य केला होता. तो आकडा बातम्यांत आला, पण बातमीचा विषय झाला नाही. खरे तर बातमी तिथून सुरू व्हायला हवी होती. या निर्णयाने शिक्षण स्वस्त झाले नाही. फी जेवढी होती तेवढीच राहिली, ती भरणारा हात बदलला. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरचे, डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातले किंवा कल्याणच्या वेशीवरचे खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय ही रक्कम आता पालकाऐवजी राज्याच्या तिजोरीकडून घेणार. म्हणजे त्या महाविद्यालयाने फी किती लावावी हा प्रश्न पालक आणि संस्थाचालक यांच्यातला खासगी व्यवहार उरला नाही. मान्य झालेल्या फीतला प्रत्येक वाढीव रुपया काही प्रमाणात अर्थसंकल्पावर पडतो. उच्च शिक्षणातल्या पैशावर लिहिणाऱ्या पत्रकाराचे काम या एका गोष्टीने मुळापासून बदलले आहे, आणि आपली वृत्तपत्रे अजून जुन्याच चौकटीत बातम्या देत आहेत, असे इथे म्हणायचे आहे.

जुनी चौकट कोणती, हे पाहायला १९८३ पर्यंत मागे जावे लागते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. महाराष्ट्रातली मुले तोवर डोनेशन भरून कर्नाटकात शिकायला जात होती. तो पैसा आणि ती मुले इथेच राहावीत, आणि सरकारला पदरचे काही घालावे लागू नये, असा सरळ हिशेब त्यामागे होता. हिशेबाचा दुसरा भाग लवकरच अंगावर आला. देणगीच्या नावाखाली इतकी वसुली होऊ लागली की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा करावा लागला. पुढची दोन दशके न्यायालयात गेली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने काही जागा कमी फीच्या आणि काही पैसे मोजून घ्यायच्या अशी विभागणी केली. २००२ मध्ये टीएमए पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडीत काढली आणि खासगी संस्थांना फी ठरवण्याचा अधिकार मान्य केला, मात्र कॅपिटेशन फी नको आणि नफेखोरी नको, वाढीपुरती शिल्लक चालेल, अशी मर्यादाही घातली. ही वाढीपुरती शिल्लक मोजायची कोणी, हा प्रश्न २००३ च्या इस्लामिक ॲकॅडमी निकालाने समित्यांकडे सोपवला. २००५ च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालानंतरही समित्या राहिल्या, आणि २०१५ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण व प्रवेश नियामक प्राधिकरण स्थापन केले. या सगळ्या लढाईत दोन पक्ष गृहीत होते, फी भरणारा विद्यार्थी आणि घेणारी संस्था. सरकार पंचाच्या जागी होते.

पण याच काळात पंच हळूहळू गिऱ्हाईक होत होता. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची फी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनेतून येत होती. इतर मागास वर्ग, भटके विमुक्त यांच्यासाठी राज्याच्या योजना होत्या. २०१६ पासून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वाढत गेली आणि शेवटी आठ लाखांवर पोहोचली. मग २०२४ चा निर्णय आला. आज केंद्रीय प्रवेश फेरीतून खासगी अभियांत्रिकी किंवा फार्मसी महाविद्यालयात बसलेल्या वर्गाकडे पाहिले, तर पूर्ण किंवा अर्धी फी सरकार भरते असे विद्यार्थी मोठ्या संख्येने दिसतील. नावाच्या पाटीवर ‘विनाअनुदानित’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ एवढाच की सरकार शिक्षकाचा पगार थेट देत नाही. तोच पैसा विद्यार्थ्याच्या नावाने, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या वाटेने संस्थेच्या खात्यापर्यंत जातो. संस्थापातळीवरच्या म्हणजे व्यवस्थापन कोट्यातल्या जागांना ही प्रतिपूर्ती लागू नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. तिथे अजून जुनाच सौदा चालतो.

मग बातमी का होत नाही? कारण वृत्तपत्रातली कामाची वाटणी जुन्या चौकटीवर बेतलेली आहे. उच्च शिक्षणाचा वार्ताहर मुंबईच्या कार्यालयात असतो. त्याचे लक्ष मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आणि कलिना इथल्या संकुलांवर, सीईटी कक्षावर आणि मंत्रालयावर. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वार्ताहराच्या वाट्याला दोन महापालिका, रेल्वे, पाणी, खड्डे, बेकायदा बांधकामे आणि पोलीस येतात. महाविद्यालय त्याच्यापर्यंत पोहोचते ते प्रेसनोटमधून: स्नेहसंमेलन, नॅक या मूल्यांकन संस्थेची श्रेणी, एखाद्या विद्यार्थ्याचे यश. जूनमध्ये प्रवेशाची झुंबड आणि फीवाढीविरुद्ध एखाद्या विद्यार्थी संघटनेचे आंदोलन एवढीच काय ती पैशाची बातमी. ठाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचा वर्षाचा हिशेब कोणाच्याच बीटमध्ये नसतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांवर निदान कोणाचा तरी डोळा असतो. उपनगरातल्या मध्यम आकाराच्या संस्थेकडे कोणी पाहत नाही, आणि आपल्याकडची बहुसंख्य मुले अशाच संस्थांत शिकतात.

या पट्ट्यात हा विषय जास्त गुंतागुंतीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. इथल्या बऱ्याच संस्था विनाअनुदानित युगाच्या आधीच्या आहेत. ठाण्याचे विद्या प्रसारक मंडळ १९३५ चे. जोशी-बेडेकर आणि बांदोडकर ही त्याची महाविद्यालये १९६९ ची. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. ही महाविद्यालये अनुदानावर वाढली: शिक्षकांचे पगार सरकारचे, जागा आणि इमारती संस्थेच्या व दात्यांच्या, फी नाममात्र. मग मुंबई विद्यापीठाने १९९९-२००० मध्ये बीएमएस सुरू केले, पाठोपाठ अकाउंटिंग-फायनान्स, बँकिंग-इन्शुरन्स, मास मीडिया आले, आणि ते सगळे स्वयंअर्थसहाय्यित होते. तेव्हापासून मुंबई परिसरात एकाच इमारतीत, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली दोन अर्थव्यवस्था नांदतात. बी.कॉम.चा विद्यार्थी काही हजार भरतो आणि त्याच्या शिक्षकाचा पगार कोषागारातून येतो. शेजारच्या वर्गात त्याच्या कित्येक पट फी भरून बसलेल्या विद्यार्थ्याला तासिका तत्त्वावरचा शिक्षक शिकवतो. ग्रंथालय एकच, प्रयोगशाळा एकच, वीजबिल एकच. कोणत्या खात्यातून कोणता खर्च झाला, अनुदानित शिक्षकाने स्वयंअर्थसहाय्यित वर्गावर घेतलेल्या तासांचा मोबदला कुठे दाखवला, स्वयंअर्थसहाय्यित वर्गांची शिल्लक शेवटी कुठे गेली, हे प्रश्न विचारणे म्हणजे कोणावर आरोप करणे नव्हे. हिशेब वेगळे ठेवले असतील तर उत्तर एका पानावर मावते.

२०२४ मध्ये या बाबतीत एक उद्बोधक घटना घडली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्याबरोबर राज्यात त्यांच्यासाठी सीईटी आली, केंद्रीय प्रवेश आले आणि फी ठरवण्याचा विषय शुल्क नियामक प्राधिकरणाकडे जाण्याची वाट उघडली. यावर मुंबई आणि परिसरातल्या अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. बीएमएस होते ते बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) झाले, आणि ना सीईटी लागली, ना परिषदेची मान्यता. वृत्तपत्रांनी ही बातमी दिली, पण बहुतेक ठिकाणी ती विद्यार्थ्यांच्या संभ्रमाची बातमी होती. महाविद्यालयांची बाजूही त्यात रास्त होती: सीईटीच्या वेळापत्रकात प्रवेश लांबतात, जागा रिकाम्या राहतात. मात्र नाव बदलल्याने फीवरच्या कोणत्या नियंत्रणातून सुटका झाली आणि त्यानंतर त्या वर्गाची फी किती राहिली, हे महाविद्यालयागणिक तपासून मांडायचे काम स्थानिक पानांवर व्हायला हवे होते. त्यासाठी आधीच्या आणि नंतरच्या माहितीपुस्तिका शेजारीशेजारी ठेवणे पुरेसे होते.

डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयाचा वाद हे याहून मोठे उदाहरण. अनुदानावर चालत आलेले हे महाविद्यालय कायम विनाअनुदानित करण्याच्या दिशेने व्यवस्थापनाने पावले टाकली, आणि अनुदानित शिक्षक, कर्मचारी, माजी विद्यार्थी विरोधात उभे राहिले. २०२३-२४ मध्ये हे प्रकरण डोंबिवलीत गाजले. वार्तांकन भरपूर झाले आणि त्याचे श्रेय स्थानिक वार्ताहरांना दिलेच पाहिजे. त्यांनी पाठपुरावा केला नसता तर हा विषय एका कार्यालयीन पत्रव्यवहारात विरून गेला असता. पण वार्तांकनाचा भर उपोषण, निवेदने, कोण काय म्हणाले यांवर राहिला. आर्थिक प्रश्न त्यामानाने कमी विचारला गेला. अनुदान नाकारणारी संस्था नेमके काय नाकारते? पगाराचा मोठा बोजा ती स्वतःकडे घेते, म्हणजे तो पैसा तिला फीतून उभा करावा लागणार. बदल्यात नेमणुका, सेवाशर्ती आणि फी यांवरचा तिचा ताबा वाढतो. आणि अनुदानाच्या वर्षांत सरकारी पगारावर जी मंजूर पदे, जो नावलौकिक उभा राहिला, त्याचे मोल कोणत्याच ताळेबंदात नसते. २००१ नंतर राज्य नवीन महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावरच परवानगी देते. त्यामुळे एक अनुदानित महाविद्यालय कमी झाले की त्याच्या जागी दुसरे येत नाही. डोंबिवलीसारख्या मध्यमवर्गीय आणि चाकरमानी शहरात कमी फीच्या पदवीच्या जागा किती होत्या आणि किती उरतील, हा आकडा या वादाचा गाभा होता. बाजू कोणतीही घ्या, तो आकडा दोन्ही पक्षांना लागतोच.

आता कागदांकडे वळू. या विषयावर लिहायला आतल्या गोटातला माणूस लागतो, असा एक समज आहे. माणूस मिळाला तर उत्तमच, पण तो नसतानाही हाती येण्यासारखे बरेच असते. अडचण अशी की ते वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेले आहे. कोणत्या महाविद्यालयाला कोणत्या वर्षी किती फी मान्य झाली, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. अनुदानित महाविद्यालयांची मंजूर पदे व पगार यांचा कारभार पनवेलच्या कोकण विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांकडे. संस्था जर सार्वजनिक न्यास असेल, आणि बहुतेक असतातच, तर तिची विश्वस्तांची नोंद, बदल अर्ज आणि लेखापरीक्षित हिशेब महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या ठाण्यातल्या कार्यालयात. न्यासाची जमीन विकायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर त्याच कायद्याच्या कलम ३६ खाली परवानगी लागते, आणि त्या अर्जात संस्थेच्या मालमत्तेची जी माहिती असते ती दुसरीकडे क्वचितच सापडेल. नॅकला दिलेल्या स्वयंमूल्यमापन अहवालात आणखी काही. यांपैकी एकेक कागद पाहिला तर निरुपद्रवी दिसतो. चार कागद एकत्र ठेवले की प्रश्न तयार होतात. पैसा दडवण्याचा मोठा कट असावा लागत नाही, कचेऱ्यांमधली अंतरेच ते काम करतात. म्हणून इथे पत्रकाराचे खरे कौशल्य जोडणीचे आहे, गौप्यस्फोटाचे नाही.

या कागदांत सर्वांत दुर्लक्षित राहिलेला कागद म्हणजे एनआयआरएफचा तक्ता. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते, आणि दरवर्षी कोणाचा क्रमांक वर गेला, कोणाचा घसरला, एवढ्यावर वृत्तपत्रे थांबतात. पण क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती ठरावीक नमुन्यात द्यावी लागते आणि ती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. त्यात तीन वर्षांचा पगारखर्च असतो, ग्रंथालय व प्रयोगशाळेवरचा खर्च असतो, उत्तीर्ण विद्यार्थ्यांना मिळालेल्या पगाराचा मध्यक असतो. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा एक रकाना असतो: राज्य व केंद्र सरकारकडून पूर्ण शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती मिळालेले विद्यार्थी किती. खासगी महाविद्यालयात सरकारी रुपया किती आहे, हे महाविद्यालयाने स्वतःच लिहून दिलेले असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात १,२०० विद्यार्थी आहेत आणि प्राधिकरणाने मान्य केलेली वार्षिक फी एक लाख रुपये आहे. फीचे ढोबळ उत्पन्न १२ कोटी. एनआयआरएफच्या तक्त्यात पूर्ण प्रतिपूर्तीचे विद्यार्थी ५०० दाखवले आहेत, म्हणजे सुमारे पाच कोटी थेट तिजोरीतून. अर्ध्या प्रतिपूर्तीचे विद्यार्थी यात धरलेलेच नाहीत. त्याच तक्त्यात पगारखर्च साडेपाच कोटी. तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक धरला तर ६० शिक्षक हवेत. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता, घरभाडे, वरच्या पदांचे पगार आणि शिक्षकेतर कर्मचारी धरले, तर ६० शिक्षक असलेल्या संस्थेला साडेपाच कोटी पुरणे कठीण. मग तीन शक्यता उरतात. शिक्षक ६० पेक्षा कमी आहेत, किंवा ते वेतन आयोगाप्रमाणे पगार घेत नाहीत, किंवा तक्त्यात चूक आहे. उलट बाजूने, फी मागताना प्राधिकरणाला दाखवलेला पगारखर्च साडेसात कोटी असेल आणि एनआयआरएफला साडेपाच, तर बातमी आपोआप लिहिली जाते, कारण फी ही मुख्यतः दाखवलेल्या खर्चाला विद्यार्थीसंख्येने भागून ठरते. खर्च फुगला की फी फुगते आणि फी फुगली की प्रतिपूर्ती. कागदावर पूर्ण पगार आणि हातात कमी, अशा तक्रारी शिक्षक संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. तिथे शिक्षकाचे नुकसान होतेच, शिवाय न दिलेल्या पगाराची भरपाई राज्य करत असते. दोन्ही आकडे जुळले, तर बातमी नाही हे मान्य करून पत्रकाराने पुढच्या महाविद्यालयाकडे जावे. हेही कामच आहे.

व्यवस्थापन कोट्यातल्या रोख व्यवहाराबद्दल इथे फार लिहिलेले नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. डोनेशन हा लोकांच्या बोलण्यातला मुख्य विषय असतो हे खरे. पण रोखीची पावती नसते, देणारा पालक स्वतःच अडकलेला असतो, आणि छुप्या कॅमेऱ्याने पकडलेला एक दलाल दोन दिवसांची खळबळ देऊन जातो. त्यापेक्षा पावती असलेला पैसा अधिक मोठा आणि अधिक पुराव्यानिशी सांगता येणारा आहे. न्यासाच्या नावावर आलेल्या देणग्या हे किती भक्कम पुरावे ठरतात हे महाराष्ट्राने १९८१ मध्ये पाहिले आहे. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांची सांगड अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये घातली, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावे लागले. त्या देणग्यांची कागदोपत्री नोंद होती, म्हणून ती सांगड घालता आली.

यावर पहिला आक्षेप संस्थाचालकांचा असतो: आम्ही खासगी आहोत, माहितीचा अधिकार आम्हाला लागू नाही. अनुदानित महाविद्यालयांना हे म्हणता येणार नाही. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. प्रतिपूर्ती हे असे अर्थसाहाय्य आहे का, यावर वाद घालता येईल. पण पत्रकाराला तो वाद जिंकण्याची गरजच नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे कलम २(फ) म्हणते की सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मागवता येते, तीही ‘माहिती’ आहे. फीचा प्रस्ताव प्राधिकरणाकडे आहे, हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे आहेत. अर्ज तिथे करायचा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. उत्तर वेळेवर येतेच असे नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक कडक केला आहे, हेही खरे. मात्र एकूण पगारखर्च ही कोणाची वैयक्तिक माहिती नव्हे. अमेरिकेत नफा न कमावणाऱ्या संस्थांची वार्षिक करविवरणे कोणालाही पाहता येतात आणि प्रोपब्लिका ही वृत्तसंस्था ती शोधता येतील अशा रूपात मांडते. तिथल्या खासगी विद्यापीठांचा कारभार त्यामुळे बंद पडलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिक संस्थांकडून येतो. शिल्लक म्हणजे नफा नव्हे, असे त्या म्हणतात, आणि ते बरोबर आहे. न्यायालयांनीच वाढीपुरती शिल्लक मान्य केली आहे. इमारत उभी करायची, उपकरणे बदलायची तर काही वर्षे पैसा साठवावाच लागतो. शिवाय प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही. सरकारची थकबाकी महिनोन्‌महिने राहते, संस्थेला कर्ज काढून पगार करावे लागतात, आणि त्या कर्जाचे व्याज पुन्हा खर्चात येते. आकडे अर्धवट वाचणारा वार्ताहर अशा संस्थेवर अन्याय करू शकतो. याचे उत्तर आकडे न छापणे हे नाही, ते पूर्ण छापणे हे आहे. थकबाकी किती आणि कोणत्या वर्षाची, हे त्याच बातमीत आले पाहिजे, कारण तीही सरकारी पैशाचीच बातमी आहे. शिल्लक गैर आहे की नाही हे तिच्या रकमेवरून कळत नाही, ती कुठे गेली यावरून कळते. प्रयोगशाळेत गेली तर प्रश्न मिटला. विश्वस्तांच्या नातलगांच्या कंपनीला भाडे, सल्लाशुल्क किंवा कंत्राट म्हणून गेली, तर प्राप्तिकर कायदाही त्याकडे करसवलत धोक्यात आणणारी बाब म्हणून पाहतो. २०२२ च्या न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटी निकालात सर्वोच्च न्यायालयाने करसवलत हवी असेल तर संस्थेचा हेतू केवळ शिक्षण हाच असला पाहिजे, असे बजावले आहे. पत्रकार हीच रेषा वापरू शकतो. ती त्याने काढलेली नाही, कायद्याने आखून दिलेली आहे.

तिसरा आक्षेप वृत्तपत्रांच्या आतला आहे आणि तो सहसा छापून येत नाही. मे-जूनमधल्या शिक्षणविषयक पुरवण्या कोणाच्या जाहिरातींवर निघतात, हे सर्वांना माहीत आहे. शिवाय संस्थाचालक बऱ्याचदा स्थानिक राजकारणातले, आणि अब्रूनुकसानीची नोटीस स्वस्त असते. २००५ मध्ये रश्मी बन्सल यांच्या जॅम या लहान नियतकालिकाने आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेच्या जाहिरातींतले दावे तपासले, तेव्हा त्यांना कायदेशीर कारवाईला तोंड द्यावे लागले. २०११ मध्ये कॅरव्हान मासिकाने त्याच संस्थेच्या प्रमुखावर लेख छापला, तर दावा दाखल झाला आसामातल्या सिलचरला, मागणी ५० कोटींची. लेखावरची बंदी उठायला २०१८ उजाडले. दरम्यान २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या संस्थेच्या दाव्यांवर ताशेरे ओढले आणि पुढच्या वर्षी तिने आपली केंद्रे गुंडाळली. पत्रकार बरोबर होते, पण बरोबर असण्याची किंमत त्यांना वर्षानुवर्षे मोजावी लागली. ठाण्यातल्या एखाद्या दैनिकाने ती मोजावी अशी अपेक्षा करणे सोपे नाही. म्हणूनच कागदांचा मार्ग श्रेयस्कर आहे. संस्थेने स्वतः सरकारला दिलेले दोन आकडे शेजारी छापले आणि त्यावर संस्थेचे म्हणणे घेतले, तर त्यात वकिलाला धरायला फारसे काही उरत नाही. जाहिरातीचा दबाव मात्र याने सुटत नाही, आणि तो सुटतो असे भासवण्यात अर्थ नाही. ज्या आठवड्यात महाविद्यालयाची पूर्ण पानी जाहिरात आहे, त्याच आठवड्यात त्याच महाविद्यालयाच्या हिशेबाची बातमी छापणारे संपादक थोडेच असतील.

राहता राहिला वाचक. त्याला हे आकडे नकोत, त्याला प्रवेशाची तारीख हवी, असे डेस्कवर नेहमी सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. प्रवेशाची तारीख शोधणारा पालकच चार वर्षांची फी कशी उभी करायची याचा हिशेब रात्री मांडत असतो, आणि मुलगी सवलतीत बसत असेल तर महाविद्यालय प्रतिपूर्ती येईपर्यंत तिच्याकडून पूर्ण फी मागणार का, हे त्याला कोणी सांगत नाही. फी परत मिळण्याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच केले, मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत हेही त्यात आहे, तरी दरवर्षी पालक तेच प्रश्न घेऊन खेटे घालतात. पैशाची बातमी रूक्ष असते ती अर्थसंकल्पाच्या भाषेत लिहिली म्हणून. तुमच्या मुलीच्या शेजारी बसलेल्या मुलीची फी कोण भरते, आणि त्या पैशातला किती भाग तिला शिकवणाऱ्याच्या हाती पडतो, असे विचारले तर ती कल्याणहून सव्वासातची लोकल पकडणाराही वाचतो.

वृत्तपत्रे अशा बातम्या देऊ लागेपर्यंत निदान एवढे करता येईल. ज्या महाविद्यालयात घरातले मूल शिकते किंवा शिकणार आहे, त्याच्या संकेतस्थळावर जाऊन एनआयआरएफचा तक्ता शोधा. पूर्ण प्रतिपूर्तीच्या विद्यार्थ्यांचा आकडा आणि पगारखर्चाचा आकडा पाहा. मग शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या महाविद्यालयाला मान्य केलेली फी पाहा आणि आपल्या पावतीशी ताडून घ्या. तिन्हींत मेळ बसत नसेल, तर ते तीन आकडे तुमच्या भागातल्या वार्ताहराला पाठवा. त्याच्या बीटमध्ये हा विषय नसेल, पण त्याच्या शहरात आहे.